लोणारच्या काठावरचा पुरावा

नाशिकच्या द्वारका परिसराखाली जो काळा बेसॉल्ट आहे, तोच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारलाही. तिथे मात्र त्यावर अशनी आदळला. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आलेला दगड जमिनीत नुसता रुतत नाही. धक्क्याच्या लाटेने खडक आधी दाबला जातो, मग उसळून चहूबाजूंना फेकला जातो. म्हणूनच अशनी तिरका आला तरी विवर बहुधा गोलच होतं. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. काठावरचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. तिथे सापडलेलं मॅस्केलिनाइट, म्हणजे धक्क्याने काचेसारखं झालेलं खनिज, हा तर पक्का पुरावा! चंद्रावरची काळी मैदानंही बेसॉल्टचीच, त्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला लोणार अमोल आहे. नाशिककरांनी एकदा तरी तो काठ पायी फिरावा. तिथला दगड मात्र उचलून आणू नये.