विठोबाच्या दारातला उपवास

बालमित्रांनो, शूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तलवार आणि घोडा येतो ना? पण हातात काहीही न घेता लढलेले एक शूर शिक्षक आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे साने गुरुजी!

गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवायचे. स्वभावाने इतके हळवे, की चटकन डोळे भरून यायचे. पण मनाचे मात्र पक्के!

त्या काळी पंढरपूरच्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. संत चोखोबांची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेरच आहे. गुरुजींची देवावर श्रद्धा होती. म्हणूनच त्यांना हे सहन होईना. देव सगळ्यांचा, मग दार काहींनाच का बंद?

आधी त्यांनी गावोगाव फिरून लोकांना समजावलं. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. विरोध खूप झाला. ज्यांना ते फार मानत, त्या गांधीजींनीही उपोषण थांबवायला सांगितलं. तरी गुरुजी डगमगले नाहीत. कुणाबद्दल वाईट शब्दही नाही. अखेर मंदिर खुलं करायचं ठरलं आणि उपोषण सुटलं.

मुलांनो, परक्यांशी भांडणं सोपं असतं. आपल्याच माणसांना ‘हे चुकतंय’ असं प्रेमाने सांगायला खरं धैर्य लागतं. तुमच्या वर्गात डबा खाताना कुणी एकटं बसतं का? उद्या त्याला हाक मारा. आणि आईबाबांनो, संध्याकाळी मुलांना विचारा बरं, आज कुणाला हाक मारलीस?