राणी मुंगी कशी ओळखावी?

मृगाच्या पहिल्या सरींनी जमीन निवली, की सायंकाळी दिव्याभोवती पंख असलेल्या किड्यांची गर्दी होते व सकाळी अंगणात गळालेल्या पंखांचा खच दिसतो. हे सर्व किडे वाळवीचेच, अशा समजुतीने ते सरसकट मारले जातात. परंतु त्यांत मुंग्यांच्या राण्याही असू शकतात, आणि मुंग्या या वाळवीच्या मोठ्या शत्रू होत. म्हणून मारण्यापूर्वी ओळख पटवून घेणे हिताचे आहे.

प्रथम कंबर पाहावी. मुंगीची कंबर अतिशय बारीक असते. वाळवीच्या किड्याचे अंग छातीपासून पोटापर्यंत सलग जाड असते. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, तर वाळवीच्या सरळ व मण्यांच्या माळेसारख्या असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब असतात. वाळवीचे चारही पंख सारखे असतात.

पंख असलेली प्रत्येक मुंगी मात्र राणी नव्हे. नर सडपातळ, लहान डोक्याचा व मोठ्या डोळ्यांचा असून मीलनानंतर लवकरच मरतो. राणीची छाती भरदार व पोट मोठे असते. मीलनानंतर ती आपले पंख स्वतःच गाळते; तरीही छातीच्या बाजूंस त्यांचे खुंट राहतात. बिनपंखी राणीची हीच खरी खूण होय. मुंगळ्यांतील मोठ्या डोक्याची कामकरी पाहून पुष्कळदा फसगत होते. पण तिची छाती अरुंद असते व तीवर खुंट नसतात. आंबा-काजूच्या झाडांवर पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंगीची राणी हिरवट तपकिरी असते.

जमिनीत राहणाऱ्या अनेक जातींची राणी एकटीच बिळात शिरून तोंड बंद करते. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू जिरवून ती पहिल्या पिलांना पोसते. अशी एक राणी मारली, तर एक भावी वसाहत नाहीशी होते. याउलट वाळवीची नर-मादी पंख गाळून एकामागून एक, जोडीने चालताना दिसतात.

काही मुंग्या गोड स्रावासाठी मावा व पिठ्या ढेकूण यांचे रक्षण करतात, हे खरे. तेथे बंदोबस्त अवश्य करावा. मात्र पावसाळ्याच्या आरंभी वाळवीची जोडपी वेचून नष्ट करावीत आणि खुंटांची खूण असलेल्या राणीस सुखरूप जाऊ द्यावे.