सुरतेचा धाबा आणि आपले शून्य बिल

गेल्या संक्रांतीला सुरतेस मावसबहिणीकडे जाण्याचा योग आला. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. भावोजी कापड गिरणीत हिशेबनीस होते. उधन्यात त्यांनी स्वतःचे घर बांधले. खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची तिकडे एवढी वस्ती की रस्त्यात गुजरातीबरोबर अहिराणीही कानावर येते. पतंग उडवायला म्हणून गच्चीवर, त्यांच्या भाषेत धाब्यावर, चढलो तर निम्म्या जागेत सौर पॅनेल! नातू फुरंगटून बसला होता.

भावोजींनी लगेच वही काढली. तीन किलोवॅटचा संच, त्याला सुमारे तीनशे चौरस फूट बिनसावलीची जागा, महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट. दिवसा उरलेली वीज कंपनीकडे जाते, रात्री आपण तिथूनच घेतो आणि दुतर्फा मीटर वजाबाकी मांडतो. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यापुढे कितीही मोठा संच बसवा, आकडा तोच. पण ही रक्कम संच चालू होऊन तपासणी झाल्यावर बँकेत जमा होते.

"फंडातले पैसे काढले होते रे. अनुदान खात्यात पडेपर्यंत मला झोप नव्हती," अक्का म्हणाली. वहीत ही नोंद नव्हती.

आमच्या स्टाफरूममध्ये दर मार्चला प्रश्न निघतो, पॅनेल बसवले तर आयकरात सूट का नाही? अमेरिकेत ती होती. १९७८ साली कार्टर यांच्या काळात सुरू झाली, मध्ये बंद पडली, २००५ च्या कायद्याने परत आली. अलीकडे खर्चाच्या ३० टक्के रक्कम थेट करातून वजा होई. ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला तीही नाही. पण ज्याला करच भरावा लागत नाही, त्याने सूट कशातून घ्यायची? आपल्याकडे बहुसंख्य घरे तशीच, म्हणून रोख अनुदान मला अधिक रास्त वाटते. पुणे महापालिका सौर बंबासाठी मिळकतकरात सवलत देते, तीही घरमालकालाच.

खरी गोम इथेच आहे. अक्काच्या खालच्या खोलीत धुळ्याकडचे एक कुटुंब भाड्याने राहते. नवरा लूमवर, बायको घरी साड्यांना टिकल्या लावते. दिवसभर दिवा आणि पंखा चालू. छप्पर त्यांचे नाही, म्हणून अनुदानही नाही. अक्का त्यांच्याकडून पोटमीटरवर युनिटप्रमाणे पैसे घेते. पॅनेल आल्यावर दर कमी केलास का, असे मी विचारले. ती भावोजींकडे बघू लागली.

वाचकहो, आपल्याकडे नेमके उलटे आहे. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योतीचे शून्य बिल येते. वेगळा मीटर आणि आर. आर. नंबर असला की भाडेकरूलाही त्याचा लाभ. मागच्या वापराच्या सरासरीवर दहा टक्के, तेही दोनशे युनिटांच्या आत. दोनशे ओलांडले की पूर्ण बिल. गरिबाला हा मोठा आधार आहे, यात शंका नाही. पण शून्य बिल येणाऱ्या घरात पॅनेल कोण बसवील? जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा काढून तीस-पस्तीस वॅटचा कोण आणील? आमच्या घरीही जुनेच पंखे गरगरतात, हे कबूल करतो.

निघताना अक्का स्टेशनवर आली होती. गाडी हलता हलता म्हणाली, "या महिन्यापासून खालच्यांचं युनिटमागे दोन रुपये कमी केलंय. ह्यांना अजून सांगितलं नाही."