सोरोरिटी सदस्यभरतीतील शिफारसपत्राचे स्थान

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये विद्यार्थिनींच्या ज्या निवडक सामाजिक संघटना असतात त्यांना 'सोरोरिटी' असे म्हणतात. 'भगिनीमंडळ' हा त्यास जवळचा मराठी शब्द होय. मात्र वर्गणी भरून कोणालाही तेथे सभासद होता येत नाही. सदस्यत्व आमंत्रणानेच मिळते व ते सामान्यतः आजीवन असते. जॉर्जिया राज्यातील मेकन येथील वेस्लियन महिला महाविद्यालयात १८५१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेपासून या परंपरेचा आरंभ मानला जातो. पुढे अशा संघटनांच्या समन्वयासाठी १९०२ मध्ये राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषद अस्तित्वात आली.

या भरतीत शिफारसपत्राचे स्वरूप विशिष्ट आहे. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याकरिता प्राध्यापक जे पत्र लिहितात त्याहून ते अगदी भिन्न होय. येथे पत्र लिहिणारी व्यक्ती शिक्षक नसून त्याच सोरोरिटीची माजी सदस्या असते, आणि पत्र विद्यापीठाकडे न जाता विद्यार्थिनी ज्या शाखेत जाऊ इच्छिते त्या शाखेकडे जाते. त्यात तिचे शालेय गुण, समाजकार्य, नेतृत्व व स्वभाव यांची माहिती दिलेली असते. दक्षिणेकडील राज्यांमध्ये ही प्रथा विशेष रुजली. तेथे उमेदवार विद्यार्थिनी प्रत्येक सोरोरिटीसाठी निदान एक पत्र मिळावे म्हणून भरतीपूर्वी कित्येक महिने खटपट करीत. छायाचित्र व परिचयपत्र माजी सदस्यांकडे पोहोचविण्याचे काम बहुधा मातेकडे असे.

या प्रथेमागील मूळ तर्क अवाजवी नव्हता. भरती जेमतेम आठवडाभर चालते. अलाबामा विद्यापीठात तर अलीकडे दरवर्षी दोन हजारांहून अधिक विद्यार्थिनी तीत भाग घेतात. काही मिनिटांच्या संभाषणातून अनोळखी मुलीची पारख करणे शाखेतील विद्यार्थिनींना कठीण जाते. तेव्हा तिला ओळखणाऱ्या प्रौढ स्त्रीचे मत उपयोगी पडावे हे स्वाभाविकच होय. प्रश्न उद्भवतो तो पत्र अनिवार्य झाल्यावर. ज्या मुलीच्या घरात, शेजारात वा प्रार्थनामंदिरात एकही माजी सदस्या नाही तिने पत्र आणावे कोठून? आणि ज्या संघटनांनी अनेक दशके केवळ श्वेतवर्णीय स्त्रियांनाच प्रवेश दिला, त्यांच्या माजी सदस्या कोणाच्या ओळखीच्या असणार? पत्रातील मजकूर कितीही निःपक्षपाती असला तरी ते मिळणे हेच मुळी वर्ग व वंश यांवर अवलंबून राहते.

सोरोरिटी भरतीतील परस्पर-निवडीच्या पद्धतीचा अभ्यास सुसान मोंगेल व अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही पक्षांच्या पसंतिक्रमांची सांगड कशी घातली जाते, हा त्याचा विषय. शिफारसपत्र मात्र या सांगडीच्या आधीच, शाखेच्या यादीत कोणाचे नाव यावे या टप्प्यावर, आपले काम करून जाते.

याचे ठळक उदाहरण सप्टेंबर २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठात समोर आले. उत्तम गुणवत्ता असलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीस शाखेतील सदस्यांची अनुकूलता असूनही माजी सदस्यांच्या हस्तक्षेपामुळे आमंत्रण नाकारले गेले, असे 'द क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थी वृत्तपत्राने प्रसिद्ध केले. शिफारसपत्रासंबंधीच्या अटींची पूर्तता झाली नाही, हे कारण त्या वेळी पुढे करण्यात आल्याचेही त्या वृत्तात नमूद होते. पत्र येथे परिचयाचे साधन उरले नव्हते. विद्यार्थिनींचा निर्णय फिरविण्याचे ते निमित्त झाले होते. त्यानंतर विद्यापीठाच्या अध्यक्षा ज्युडी बॉनर यांनी भरती पुन्हा खुली करण्याचा आदेश दिला आणि काही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना सदस्यत्व मिळाले.

२०२० मधील वर्णभेदविरोधी आंदोलनाच्या काळात व त्यानंतर अनेक सोरोरिटींनी पत्राची अनिवार्यता रद्द केली. काहींनी सदस्यांच्या मुली व बहिणी यांना मिळणारे प्राधान्यही काढून टाकले. तथापि ऐच्छिक पत्रे काही ठिकाणी स्वीकारली जातात, आणि जेथे ती स्वीकारली जातात तेथे ज्यांच्या मातेच्या मैत्रिणी सोरोरिटीत होत्या त्या मुली ती पाठवितातच.