शर्यतीच्या गाडीत कॅमेरा कसा बसवावा



पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या एसटीत तुम्ही कधी ना कधी बसला असाल. गाडी फलाटाला उभी आहे, इंजिन चालू आहे, वाहक अजून खालीच आहे, आणि तुमच्या शेजारच्या खिडकीची काच थडथड वाजते आहे. बोट टेकवले की थांबते, काढले की पुन्हा सुरू. मग चालक गाडी बाहेर काढतो, इंजिनाचा वेग वाढतो, आणि काच गप्प बसते! आता तर इंजिन जास्त जोरात चालले आहे, मग काच शांत का झाली? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट उमगले, त्याला शर्यतीच्या गाडीत कॅमेरा कसा बसवावा हे निम्मे कळले असे समजायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, "शर्यतीच्या मोटारीशी आम्हा खेड्यातल्या माणसांचा संबंध काय?" संबंध आहे. इंदूरजवळ पिथमपूर येथे २००७ साली 'बाहा' नावाची स्पर्धा आपल्या देशात सुरू झाली. अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले स्वतः एका माणसाची गाडी तयार करतात आणि ती खाचखळग्यांतून, चिखलातून पळवतात. शेवटची शर्यत सलग चार तासांची असते. या मुलांत शेतकऱ्यांची, शिक्षकांची मुले पुष्कळ असतात. शिवाय आता ट्रॅक्टरवर नि मोटारसायकलवर मोबाइल बांधून चित्रण करण्याची हौस गावोगाव पोचली आहेच. तेव्हा हा विषय तुमच्या अंगणातला आहे, बरं का!

मी स्वारगेटजवळच राहतो. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझा एक विद्यार्थी घरी आला. माणदेशातला मुलगा. अशीच एक गाडी त्याच्या चमूने बांधली होती. म्हणाला, "सर, वळणावर आमची गाडी मार खातेय. चालवणारा म्हणतो, पुढच्या चाकांचं सस्पेन्शन बिघडलंय. ज्यानं ते केलं तो म्हणतो, माझं काम चोख आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. गाडीत कॅमेरा लावून बघावं म्हणतो." विचार चांगला होता. साक्षीदार हवा होता, आणि कॅमेऱ्याइतका निःपक्षपाती साक्षीदार कोठे मिळणार?

त्याने ॲल्युमिनियमची वीतभर लांब पट्टी दाखवली. एका टोकाला कॅमेरा, दुसरे टोक गाडीच्या नळीला बांधायचे. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. पण त्या दिवशी घाईत होतो. "चालेल," म्हणालो.

ते चालले नाही. शहराबाहेरच्या माळावर गाडी सोडली. चित्रात पहिली दोन मिनिटे सगळे जग खरवसासारखे लदलदत होते. मग एक खड्डा आला, पट्टी मोडली आणि कॅमेरा उडाला. सस्पेन्शन करणारा तो मुलगा वळणावर चाके पाहत उभा होता. त्याच्या कानापासून हातभर अंतरावरून कॅमेरा गेला. सुदैवाने लागले नाही. पण चूक माझी होती, आणि ती मी तुम्हाला सांगितली पाहिजे.

आता हिशेब पाहा. गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती सेकंदाला १५ मीटर जाते. सुटलेला कॅमेराही त्याच वेगाने पुढे जातो. गोफणीतून सुटलेला दगडच म्हणा ना. आणि हीच गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे तेवीसपट जोर येतो. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा त्या क्षणी साडेतीन किलोचा होतो. त्याची पट्टी, त्याचा बोल्ट हे साडेतीन किलो धरून ठेवतील का? कॅमेरा बसवताना पहिला प्रश्न हा विचारायचा. चित्राचा प्रश्न त्यानंतरचा.

गाडीत कॅमेरा बसवण्याची हौस तशी जुनी आहे. १९५६ साली माइक हॉथॉर्न या इंग्रज शर्यतपटूने फ्रान्समधल्या ल माँ येथील रस्त्यावरून जॅग्वार गाडी चालवली, तेव्हा गाडीवर चित्रपटाचा कॅमेरा होता आणि बोलण्यासाठी मायक्रोफोनही होता. त्या काळचे कॅमेरे जड, आणि सोळा मिलिमीटरची शंभर फुटी फीत पावणेतीन मिनिटांत संपायची. पुढे १९७९ साली ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या शर्यतीत पीटर विल्यमसन यांच्या गाडीतून थेट दूरचित्रवाणीवर चित्र दाखवले गेले. आज तेच काम काडेपेटीहून थोडा मोठा कॅमेरा करतो. कॅमेरा हलका झाला, पण हादरे मात्र तेच राहिले.

म्हणून आता खिडकीच्या काचेकडे परत येऊ. प्रत्येक वस्तूला हलण्याची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके ढकला, तो उंच जातो; लय सोडून ढकला, तो जागीच अडखळतो. उभ्या एसटीच्या इंजिनाची लय काचेच्या लयीशी जुळते, म्हणून काच थडथडते. इंजिनाचा वेग बदलला की लय मोडते आणि काच शांत होते. कॅमेऱ्याच्या पट्टीचेही असेच. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ६० हादरे देते. पट्टीची लय त्याच्या आसपास आली, की पट्टी नाचू लागते आणि तिच्याबरोबर चित्रही.

उपाय एकच: पट्टी आखूड आणि ताठ करायची, म्हणजे तिची लय इंजिनाच्या लयीच्या पुष्कळ वर जाते. यात एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकावर वजन ठेवले आणि मग पट्टीची लांबी दुप्पट केली, तर ती दुप्पट वाकत नाही, आठपट वाकते. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. टेबलाच्या कडेला पोलादी फूटपट्टी दाबून धरा आणि टोक छेडा. बाहेरचा भाग लांब असला तर ती सावकाश डुलते. आत सरकवत न्या, म्हणजे ती गुणगुणू लागते. मुलांना डोळ्यांनी आणि कानांनी एकदमच कळते.

कित्येक जण कॅमेऱ्याखाली स्पंज किंवा जाड रबर घालतात. त्याने इंजिनाची बारीक थरथर कमी होते हे खरे. पण रबर मऊ असले तर खड्ड्याखड्ड्याला कॅमेरा मान डोलावू लागतो. आधी ताठ बसवून पाहावे. थरथर उरलीच तर पातळ, कडक रबराची एक चकती पुरते.

आता कॅमेरा निवडायचा कसा? दुकानदार चित्राच्या बारकाईचे मोठमोठे आकडे सांगतो. तिकडे जरा कमी लक्ष द्या. पहिली गोष्ट, वजन कमी हवे. दुसरी, भिंग रुंद दृष्टीचे हवे; रुंद दृष्टीत तोच हादरा लहान दिसतो. फार रुंद घेतले तर मात्र कडेच्या सरळ नळ्या धनुष्यासारख्या वाकतात आणि वळण असते त्यापेक्षा दूर भासते. तिसरी गोष्ट, सेकंदाला चित्रे किती. सेकंदाला ३० चित्रे घेतली तर आपली ५४ किलोमीटरची गाडी दोन चित्रांच्या मध्ये अर्धा मीटर पुढे जाते; ६० घेतली तर पाव मीटर. चूक शोधायची असेल तर ६० बरी.

चित्र लदलदते ते का, तेही सांगतो. यांपैकी बहुतेक कॅमेरे सगळे चित्र एकदम टिपत नाहीत. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने टिपतात. तुम्ही फळ्यावर ओळी लिहीत आहात आणि कोणी फळा हलवतो आहे, अशी कल्पना करा. ओळी वाकड्या होणारच. तेव्हा फळा हलू न देणे हाच खरा इलाज. कॅमेऱ्यात चित्र स्थिर करण्याची एक सोय असते, ती गाडीत घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्यात बंद ठेवावी. गाडी वळली की कॅमेऱ्याला वाटते आपणच हललो, आणि तो चित्र उलट्या बाजूला सरकवतो. मग सुकाणूचक्र जागचे हलल्यासारखे दिसते.

उजेडाचेही पाहावे लागते. छत असलेल्या गाडीत आत अंधार आणि बाहेर ऊन असते. कॅमेरा दोहोंची सरासरी काढतो आणि बाहेरचा रस्ता पांढराफटक होतो. म्हणून उजेडाचे माप बाहेरच्या रस्त्यावरून घ्यावे. पुढे काच असेल तर तिच्यात आतल्या फळीचे प्रतिबिंब पडते. फळीवर काळे कापड चिकटवले की काम होते. कार्डाचा हिशेबही आधी करावा. सेकंदाला ६० मेगाबिट या दराने ताशी २७ गिगाबाइट जागा लागते. चार तासांच्या शर्यतीला ६४ गिगाबाइटचे कार्ड अडीच तासही पुरत नाही!

आता बसवण्याची जागा. आधी ठरवा, पाहायचे काय? नुसता रस्ता पाहायचा तर कॅमेरा पुढे चालेल. पण चालवणाऱ्याची चूक की गाडीची, हे ठरवायचे तर त्याचे हात, सुकाणूचक्र आणि पुढचा रस्ता एकाच चित्रात आले पाहिजेत. अशी जागा चालकाच्या खांद्यामागे, बाजूला असते. चालकाभोवती नळ्यांचा पिंजरा असतो, त्याला रोलकेज म्हणतात. त्याच्या नळीला क्लँपने कॅमेरा धरावा, पण नळीच्या मध्यावर नको. दोन नळ्या जोडल्या जातात त्या सांध्याजवळ धरावा. पाळण्याची दोरी मध्ये सगळ्यात जास्त हलते आणि खुंटीजवळ सगळ्यात कमी, तसेच हे. नळीला भोक मात्र पाडू नये. जीव वाचवणारी नळी आहे ती. नटाला लॉकनट लावावा. आणि क्लँपवर सगळा भरवसा न ठेवता कॅमेऱ्याला पोलादी तारेचा वेगळा फास घालून तो दुसऱ्या नळीला बांधावा. क्लँप सुटला तरी तार धरते. रबरी वाटीने काचेला चिकटवलेला कॅमेरा उन्हात, धुळीत केव्हा सुटेल याचा नेम नाही. हेल्मेटवर तर बसवूच नये. अपघातात तो अडकतो आणि मानेवर जोर आणतो. धक्क्याने चालकाचे डोके जेथवर जाऊ शकते, तेथवर कॅमेरा नको, आणि उतरण्याच्या वाटेतही नको. स्पर्धेच्या तपासनिसांना तो आधी दाखवावा, ते नको म्हणाले तर काढावा.

आमच्या मुलांनी दुसऱ्यांदा हे सगळे केले. चार बोटांची जाड पट्टी, सांध्याजवळ क्लँप, वर तारेचा फास. मी स्वतः पाना घेऊन प्रत्येक नट तपासला आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोणालाही उभे राहू दिले नाही. चित्र स्वच्छ आले. आम्ही ते हळू करून पाहिले. वळण आल्यावर चालवणारा मुलगा सुकाणू उशिरा वळवत होता, मग घाईने दोनदा सावरत होता. तेवढ्यात वेग जात होता. पुढची चाके आपले काम बरोबर करत होती. खोलीत कोणी बोलेना. शेवटी तोच मुलगा म्हणाला, "माझंच चुकतंय." आणि उठून दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसला.

पहिल्या दिवशीच्या लदलदत्या चित्रात यातले काहीच दिसले नसते. कदाचित त्या हलत्या चित्राकडे बोट दाखवून आम्ही निरपराध मुलाला दोषी ठरवले असते, आणि चांगले सस्पेन्शन काढून टाकले असते. साक्षीदार डळमळीत असला की न्यायही डळमळतो.

तेव्हा मित्रहो, ट्रॅक्टरवर असो की शर्यतीच्या गाडीत, कॅमेरा लावण्याआधी तो मुठीत धरून जोरात हलवून पाहा. कॅमेऱ्याबरोबर गाडी हलली, तर काम झाले. नुसता कॅमेरा हलला, तर पाना पुन्हा हातात घ्या. आणि पुढच्या वेळी एसटीत खिडकीची काच थडथडू लागली, तर शेजारच्या मुलाला विचारा, गाडी सुटल्यावर ती गप्प का बसते? उत्तर तुम्हाला आता ठाऊक आहे.