आवाज बसला, कारण छातीत

घसा बसला की ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध. आठवडाभरात आवाज मोकळा होतो. पण तीन-चार आठवडे उलटले, आवाज फुसफुसतोच आहे, पाणी पिताना ठसका लागतो, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने स्वरयंत्र पाहतात. कधी कधी तिथे ना सूज असते, ना गाठ. उजवा स्वरतंतू नीट हलतो, डावा मात्र जागचा ढळत नाही. मग डॉक्टर मानेबरोबर छातीचाही सीटी स्कॅन लिहून देतात आणि रुग्ण बुचकळ्यात पडतो. घशाच्या दुखण्याला छाती कशाला?

उत्तर नसेच्या वाटेत आहे. स्वरतंतू हलवणारी ही नस मानेतून खाली येते आणि स्वरयंत्र ओलांडून पुढे जाते. डावीकडची तर थेट छातीत शिरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर चढते. गर्भात हृदय मानेजवळ घडतं. ते छातीत उतरताना नसेलाही सोबत ओढून नेतं. उजवीचा वळसा हासळीच्या हाडामागेच संपतो. म्हणून डावीला धोका जास्त. फुप्फुसातली गाठ, क्षयाने सुजलेल्या ग्रंथी, फुगलेली महाधमनी, यांतलं काहीही तिला दाबू शकतं.

हृदयाच्या दुखण्यातही ही नस दाबली जाऊ शकते. १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी हृदयाची झडप आकसलेल्या रुग्णांचा आवाज बसल्याची नोंद केली. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे आजही दिसतात, त्यामुळे ही नोंद आपल्यासाठी जुनी झालेली नाही.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच आवाज गेला, तर कारण बहुधा उघड असतं. एरवी स्कॅन कवटीच्या तळापासून महाधमनीच्या कमानीखालपर्यंत हवा. मानेपाशी थांबलेला स्कॅन ‘सगळं ठीक’ म्हणेल आणि फुप्फुसातली गाठ तशीच वाढत राहील. मला सर्वात काळजी वाटते ती याची. टाळूही लुळी पडली असेल, तर दोष आणखी वर असू शकतो. तिथे एमआरआय अधिक उपयोगी.

पेट स्कॅनमध्ये मात्र नजर फसू शकते. टिपलं जातं ते साखरेसारखं औषध, आणि काम करणारा स्नायू ते जास्त ओढून घेतो. लुळा स्वरतंतू मंद राहतो, दोघांचं काम एकट्याने रेटणारा निरोगी स्वरतंतू उजळतो. वाट ठाऊक नसलेल्याला तीच उजळ जागा कर्करोगाची वाटते.