भिंतीवरची बुरशी : मारायची की काढायची?

इंग्लंडच्या वायव्य भागात रॉचडेल नावाचे गाव आहे. डिसेंबर 2020 मध्ये तेथे दोन वर्षांचा एक मुलगा श्वसनाच्या विकाराने दगावला. त्याचे कुटुंब एका लहानशा भाड्याच्या घरात राहत होते. स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या भिंती काळ्या बुरशीने भरल्या होत्या. वडिलांनी 2017 सालीच तक्रार केली, तेव्हा त्यांना बुरशीवर रंग फासण्याचा सल्ला मिळाला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संबंध हेच मृत्यूचे कारण, असा निष्कर्ष नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्युचौकशीत निघाला. घरमालक संस्थांनी ओल आणि बुरशी ठरावीक मुदतीत दूर केलीच पाहिजे, अशी तरतूद 2023 साली तेथील संसदेने केली.

रंग फासल्याने बुरशी का जात नाही? मग ती घालवायची तरी कशी? हे प्रश्न आपलेही आहेत. पावसाळ्यात कपाट उघडताच येणारा कुबट वास आणि चपलांवर चढलेला बुरा कोणाला ठाऊक नाही?

बुरशीत हरितद्रव्य नसते. त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. आयत्या सेंद्रिय पदार्थांवर जगते. लाकूड, कागद, चामडे, रंगातील चिकट द्रव्ये, इतकेच काय, भिंतीवर बसलेली धूळही तिला पुरते. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. बहुतेकांचा आकार 2 ते 10 मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! बीजाणूंना घरात येण्यापासून रोखणे शक्य नाही आणि अन्न तर घरभर पसरलेले. तेव्हा आपल्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाणी.

हे पाणी भिंतीवर येते कोठून? कधी छत गळते, कधी नळ पाझरतो. पण काही वेळा ते हवेतूनच येते. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावते. 10 अंशाला मात्र 9 ग्रॅमच. स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ थंड भिंतीला लागली, की जास्तीचे बाष्प पाण्याच्या रूपाने भिंतीवर जमते. बर्फाचे पाणी भरलेल्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसाच हा प्रकार. रंगाचा थर ही ओल झाकतो, घालवत नाही. काही दिवसांत पोपडे सुटतात आणि बुरशी पुन्हा डोके वर काढते.

काही बुरशी विषेही तयार करतात. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी वाढली होती. त्या संशोधनातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. ते साध्या स्वयंपाकाच्या उष्णतेने पूर्णपणे नष्ट होत नाही. घरात अशी विषे बीजाणू आणि धूळ यांवर स्वार होऊन फिरतात. शिवाय बीजाणू मेला, तरी त्याच्यामुळे होणारी अ‍ॅलर्जी टळत नाही. दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते. अवयवरोपण झालेल्या किंवा कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसात तर काही बुरशी चक्क वाढू लागतात.

आता उत्तर तुमच्या लक्षात आले असेल. बुरशी नुसती मारून भागत नाही. ती घराबाहेर काढावी लागते.

पहिले काम गळती बंद करण्याचे. त्यानंतरच सफाई. सफाईच्या वेळी रुग्ण, दमेकरी आणि लहान मुले यांना दुसरीकडे पाठवावे. हे काम मोठ्यांनीच करावे. खोलीचे दार लावून घ्यावे, खिडकी उघडावी आणि पंखा बंद ठेवावा. एन-95 मुखपट्टी, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कोरड्या झाडूने बुरशी कधीही झाडू नये, कारण एका फटकाऱ्यात असंख्य बीजाणू हवेत उडतात. आधी तिच्यावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारावा. मग ओल्या फडक्याने पुसून फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकून द्यावे. शेवटी जमीन आणि सामान ओल्या फडक्याने पुसून सारे खडखडीत वाळवावे.

फरशी, काच, धातू अशा गुळगुळीत वस्तू याप्रमाणे स्वच्छ होतात. गादी, उशी, पुठ्ठा यांच्या आत मात्र कवकतंतू शिरलेले असतात. त्या टाकून द्याव्यात. विरंजक द्रावणाचेही तसेच आहे. ते पृष्ठभागावरची बुरशी मारते, पण सच्छिद्र गिलाव्यात खोलवर पोचत नाही. ते आम्लात किंवा अमोनियात तर कधीच मिसळू नये. विषारी वायू निर्माण होतात. बुरशी एक चौरस मीटरहून अधिक पसरली असेल, तर जाणकार कारागिरालाच बोलवावे.

करून पाहा : भाकरीचे दोन तुकडे घ्या. एक उन्हात कडकडीत वाळवा, दुसऱ्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून पिशव्यांची तोंडे घट्ट बांधा. आठवडाभर रोज निरीक्षण करून नोंद ठेवा. पिशव्या न उघडताच कचऱ्यात टाका.

बुरशी कोणत्या तुकड्यावर आली? तिला काय हवे होते, हे त्यावरून कळेल. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळवली, तर बुरशीला सहसा मूळ धरता येत नाही. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा, ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नका आणि उघडीप मिळताच खिडक्या उघडा. घरात कोणी दमेकरी असेल, तर हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.